जुनी गाडी पिकअप का घेत नाही? येरवड्याच्या चौकात शिकलेला धडा



या पत्रिकेत आपण एरवी लागणीच्या तारखा, खोडव्याची निगा, खताचे हप्ते आणि तोडणीचा कार्यक्रम वाचता. या अंकात विषय थोडा वेगळा आहे. आपल्यापैकी पुष्कळांच्या दारात ट्रॅक्टरच्या शेजारी एखादी जुनी मोटारही उभी असते. कोणाकडे फियाट, कोणाकडे अँबॅसिडर, कोणाकडे मारुती आठशे. वडिलांनी उसाच्या बिलातून घेतलेली म्हणून ती विकवत नाही. लग्नकार्याला, दवाखान्याला, कधी पुण्याच्या कामाला ती उपयोगी पडते. अशा गाडीचे एक दुखणे सगळ्यांच्या ओळखीचे आहे. उभी असताना इंजिन झकास चालते, सावकाश चालवली तर कुरकुर नाही, पण ॲक्सिलेटर दाबला की गाडी दम खाते. क्षणभर खाली बसते, दोन गचके देते आणि मग पळते. याच दुखण्याने आम्हाला येरवड्यात भर चौकात उभे केले. ती हकीकत आणि त्यातून जे शिकलो ते येथे देत आहोत.

चौकात काय झाले

कारखान्याच्या कामासाठी शिवाजीनगरला साखर संकुलात जायचे होते. एका जुन्या सभासदांची १९९२ सालची प्रीमियर पद्मिनी होती, तिच्यातूनच निघालो. पंधरा वर्षे झाल्यावर दर पाच वर्षांनी नोंदणी नवी करून त्यांनी ती जपली आहे. वाघोली, खराडी मागे टाकून नगर रस्त्याने येरवड्यात आलो. वाटेत एका ट्रकला ओलांडताना गाडीने एकदा दम खाल्लाच होता. समोरून वाहन आले आणि आम्ही कसेबसे मागे सरकलो. तेव्हाच थांबायला हवे होते, पण वेळेची घाई.

गुंजन टॉकीजच्या चौकात सिग्नल सुटला. मालकांनी क्लच सोडून ॲक्सिलेटर दाबला, तर गाडी पुढे जाण्याऐवजी गचका खाऊन जागीच बसली. पाठीमागे बस, तिच्यामागे रिक्षा, सगळ्यांचे भोंगे सुरू. दुसऱ्यांदा चालू करून हळूहळू कडेला घेतली. एका चहावाल्याने आतल्या गल्लीतले गॅरेज दाखवले आणि आम्ही दोघांनी ढकलतच गाडी तिथे नेली.

गॅरेजचे मिस्त्री पन्नाशीच्या पुढचे. बॉनेट उघडायच्या आधीच त्यांनी विचारले, "काका, गावाकडून आलात का? साखर कारखान्याचे? मग हा तुमच्याच स्पिरिटचा प्रताप. पेट्रोलमध्ये तुम्हीच मिसळता ना?"

गल्लीतली दोन पोरे हसली. आम्हाला हसू येईना. आपल्या घामाच्या उसावर असा आळ आला की मनाला लागतेच. आम्ही तावातावाने इथेनॉलची बाजू मांडू लागलो. मिस्त्रींनी हातानेच थांबवले. म्हणाले, "भांडण नंतर करू. आधी गाडीला विचारू."

गाडीला कसे विचारायचे

त्यांचा पहिला धडा हाच की पाना हातात घेण्याआधी प्रश्न विचारायचे. गाडी थंड असताना दम खाते की तापल्यावर? नुसता पाय टेकवल्याबरोबर खाते की चढावर पूर्ण दाबल्यावर? दम एकदाच खाते की गचके चालूच राहतात? पावसात जास्त होते का? नुकतेच पेट्रोल भरले का? गाडी मध्ये किती दिवस उभी होती?

शेवटच्या प्रश्नावर मालक जरा घुटमळले. गळीत हंगामात त्यांना फुरसत नव्हती. गाडी चार महिने शेडमध्ये उभी होती, टाकीत पाव भाग पेट्रोल होते, त्यावरच पाच लिटर टाकून आम्ही निघालो होतो. मिस्त्री काही बोलले नाहीत, पण मान हलवली.

दुसरी गोष्ट, दुखणे खरोखर इंजिनाचेच आहे याची खात्री करून घ्यायची. इंजिनाचा आवाज चढतो पण गाडी पुढे जात नाही, तर क्लच घसरतो आहे. गाडी जड वाटते, थांबल्यावर चाकाजवळ हात नेला तर धग लागते, तर ब्रेक धरून राहिला आहे. या दोन्ही गोष्टींत कार्बोरेटर उघडून काही उपयोग नाही. आमच्या गाडीत आवाजच चढत नव्हता, म्हणजे इंजिनाला खाणे नाही, नाहीतर ठिणगी नाही.

दम खाण्याचे मूळ

इंजिनाला तीन गोष्टी लागतात. हवा, पेट्रोल आणि वेळेवर ठिणगी. आपल्या विहिरीवरच्या ऑइल इंजिनाला ठिणगी लागत नाही, डिझेल दाबानेच पेटते. पेट्रोलच्या गाडीत तिन्हींचा मेळ बसावा लागतो. वजनाने पाहिले तर एक भाग पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ भाग हवा लागते.

आपण ॲक्सिलेटर दाबतो तेव्हा खरे म्हणजे पेट्रोल सोडत नाही, हवेचे दार उघडतो. हवा हलकी, ती झटकन आत शिरते. पेट्रोल जड, ते मागे राहते. त्या क्षणापुरते मिश्रण पातळ होते आणि इंजिन उपाशी पडते. ही उणीव भरून काढण्यासाठी कार्बोरेटरमध्ये एक छोटा पंप असतो, त्याला ॲक्सिलेटर पंप म्हणतात. पाय दाबला की तो पेट्रोलची एक बारीक पिचकारी घशात मारतो. पाटाचे पाणी पोचेपर्यंत रोपाला तांब्याने घोटभर पाणी घालावे, तसे हे काम. हा पंप सुस्त झाला की गाडी नेमकी पाय दाबल्याच्या क्षणी दम खाते आणि एकदा वेग धरला की बरी चालते.

मिस्त्रींनी इंजिन बंद करून एअर क्लीनरचे झाकण काढले. कार्बोरेटरच्या घशात बॅटरीचा उजेड टाकला आणि आम्हाला बघायला सांगून हाताने थ्रॉटल ओढला. पिचकारी ताबडतोब आणि सलग यायला हवी. इथे दोन वेळा काहीच आले नाही, तिसऱ्यांदा थेंब थेंब ओघळले. "अर्धा रोग सापडला," मिस्त्री म्हणाले. "पण अर्ध्यावर थांबायचं नाही. एक दोष सापडला की माणूस दुसरा शोधत नाही आणि तिथंच फसतो."

उरलेला अर्धा

मग त्यांनी चारी प्लग काढून फडक्यावर ओळीने मांडले. प्लगचे टोक म्हणजे इंजिनाची जीभ, वैद्याने जीभ पाहावी तसे ते पाहायचे. फिकट तपकिरी रंग असेल तर जळण ठीक. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. पांढरट, भाजल्यासारखे असेल तर मिश्रण पातळ. ओले, तेलकट असेल तर ऑइल वर येते आहे. आमचे चारही प्लग पांढरट होते. चारही सारखे, म्हणजे दोष एका सिलिंडरचा नाही, सगळ्यांनाच पेट्रोल कमी पडते आहे.

त्यांनी पेट्रोलची नळी फिल्टरपासून सोडवून बाटलीत धरली आणि स्टार्टर मारला. पेट्रोल आले, पण अडखळत. फिल्टर फुंकून पाहिला तर हवा जेमतेम जात होती. तो कापला तेव्हा आत तांबूस गाळ निघाला, गंजाची पूड आणि जुन्या पेट्रोलचा चिकटा. टाकीच्या तळाचे थोडे पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून ठेवले. पाच मिनिटांत तळाशी वेगळा थर दिसू लागला, त्यात पाणी होते.

ठिणगीकडेही पाहिले. डिस्ट्रिब्यूटरची टोपी उघडून पॉइंटमधले अंतर फीलर गेजने मोजले. जुन्या गाड्यांत ते साधारण ०.४ ते ०.५ मिलिमीटर असते, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात पाहावा. ते ठीक होते. व्हॅक्यूमची बारीक नळी तोंडाने ओढून पाहिली तर आतली तबकडी हलली, म्हणजे व्हॅक्यूमने ठिणगी पुढे सरकवणारी यंत्रणा जिवंत होती. कार्बोरेटरच्या बुडाशी आणि मॅनिफोल्डच्या जोडाला साबणाचे पाणी लावून इंजिन चालू केले. पाणी लावताच आवाज बदलला असता तर तिथून चोरून हवा शिरते आहे असे समजायचे. तसे काही नव्हते.

शेवटी कार्बोरेटर उतरवून ॲक्सिलेटर पंपाचा पडदा काढला. तो चामड्याच्या जुन्या वहाणेसारखा कडक झाला होता आणि कडेला चीर होती. नवा पडदा, नवा फिल्टर, नव्या नळ्या आणि टाकीची धुलाई एवढ्यावर काम झाले. नवा कार्बोरेटर घेतला असता तर जो खर्च आला असता त्याच्या मानाने ही रक्कम किरकोळ होती.

आता इथेनॉलचा निवाडा

गाडी धुण्याला टाकली तेव्हा चहा घेत आम्ही मूळ भांडणाकडे वळलो. मिस्त्रींचे म्हणणे आणि आमचे म्हणणे दोन्ही तपासले, तर निवाडा असा निघाला.

पेट्रोलमध्ये ५ टक्के इथेनॉल मिसळण्याची सुरुवात २००३ मध्ये काही राज्यांत झाली. त्यात महाराष्ट्रही होता. १० टक्क्यांचा टप्पा देशाने जून २०२२ मध्ये गाठला. २० टक्के मिश्रणाची विक्री फेब्रुवारी २०२३ पासून सुरू झाली आणि २०२५ मध्ये ते देशभर पोचले. पुण्याचा या कामाशी जवळचा संबंध आहे. ५ जून २०२१ रोजी निव्वळ इथेनॉल विकण्याचा प्रायोगिक प्रकल्प पुण्यातील तीन पंपांवरच सुरू झाला. एक टन उसाच्या रसापासून साधारण ७० लिटर इथेनॉल मिळते. पण आज ते केवळ उसाचे नाही. मका आणि तांदळापासूनही मोठ्या प्रमाणावर बनते, हे आळ घेणाऱ्याने आणि श्रेय घेणाऱ्याने दोघांनीही लक्षात ठेवावे.

इथेनॉलचे गुण आहेत. त्याचा ऑक्टेन जास्त, त्यामुळे इंजिन ठोकत नाही. आणि त्याचा पैसा आपल्या आसवनीतून आपल्या बिलापर्यंत येतो. पण जुन्या गाडीला त्याच्या तीन गोष्टी सोसत नाहीत, हे आपणच आधी कबूल केले पाहिजे.

एक, इथेनॉलच्या अंगातच प्राणवायू असतो, म्हणून त्याला जळायला हवा कमी लागते. एक भाग इथेनॉलला सुमारे ९ भाग हवा पुरते. कॉम्प्युटरवाल्या गाडीला हे कळते आणि ती पेट्रोल वाढवते. कार्बोरेटरचे जेट ठरावीक भोकाचे, त्याला हे कळत नाही. त्यामुळे मिश्रण थोडे पातळच राहते आणि आधीच सुस्त असलेला पंप उघडा पडतो.

दोन, ते पाणी ओढून घेते. पेट्रोल आणि पाणी एरवी मिसळत नाहीत, पण इथेनॉल थोडे पाणी पोटात घेते. प्रमाणाबाहेर झाले की इथेनॉल आणि पाणी दोन्ही मिळून टाकीच्या तळाशी वेगळे बसतात. टाकी अर्धी रिकामी ठेवून गाडी महिनोन्महिने उभी केली तर हे व्हायचेच.

तीन, ते टाकीतला जुना चिकटा सोडवते आणि जुन्या जातीचे रबर, काही प्लॅस्टिक यांना त्रास देते. सुटलेला गाळ जातो कुठे? सरळ फिल्टरमध्ये.

ॲव्हरेजचेही खरे बोलावे. इथेनॉलमध्ये लिटरमागे ताकद पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी असते. नीती आयोगाने जून २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आराखड्यातच म्हटले होते, की मुळात निव्वळ पेट्रोलसाठी बनलेल्या आणि १० टक्क्यांवर जुळवलेल्या चारचाकीत २० टक्के मिश्रणाने ॲव्हरेज ६ ते ७ टक्के घटू शकते.

मग आमच्या गाडीचा गुन्हेगार कोण? मिस्त्रींनीच सांगितले, "काका, हा पडदा तीस वर्षांचा. स्पिरिटनं त्याचं मरण थोडं अलीकडं आणलं असेल, पण जायचा होताच. गाळ आणि पाणी मात्र उभ्या गाडीचं. दोष पेट्रोलचा थोडा, ठेवणीचा जास्त." आम्ही तो मान्य केला. मालकांनीही केला.

घरच्या घरी करायची तपासणी

सभासदांच्या सोयीसाठी लक्षणे आणि संशय थोडक्यात देतो.

फक्त सकाळी थंड असताना दम खाते, तापल्यावर बरी चालते: चोक पाहावा. तो पूर्ण बंद होत नसेल किंवा आपण लवकर सोडत असाल.

पाय टेकवल्याच्या क्षणी एकदाच बसते, मग पळते: ॲक्सिलेटर पंप, त्याचा पडदा, त्याचे जेट. पिचकारी डोळ्यांनी पाहावी.

चढावर किंवा वेगात बराच वेळ दाबल्यावर मरगळते, पाय सोडला की सावरते: पेट्रोल कमी पोचते. फिल्टर, पेट्रोल पंपाचा पडदा, टाकीची जाळी. टाकीच्या झाकणाचे हवेचे छिद्रही पाहावे. झाकण सैल केल्यावर गाडी सुधारली तर दोष तिथेच. विहिरीवरच्या पंपाचा फूटव्हॉल्व्ह पाल्याने तुंबला की जे होते तेच हे.

गचके चालूच राहतात, मिसिंग होते, पावसात वाढते: ठिणगी पाहावी. प्लग, पॉइंट, कंडेन्सर, प्लगच्या वायरी, डिस्ट्रिब्यूटरची टोपी. अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवावे. वायरीवर निळसर ठिणग्या नाचताना दिसल्या तर वायर फुटली आहे. हात लावू नये.

उभी असतानाही इंजिन खालीवर होते, सुसू आवाज येतो: कुठून तरी हवा चोरली जाते. गॅस्केट आणि व्हॅक्यूमच्या नळ्या पाहाव्यात.

हे सगळे ठीक असूनही जोर नाही: मग टायमिंग, व्हॉल्व्हचे अंतर आणि शेवटी कॉम्प्रेशन. हे काम मिस्त्रीचे.

२००० नंतरच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत कार्बोरेटर नाही, इंजेक्शन आहे. तिथे थ्रॉटलवर साचलेला कार्बन, पेट्रोल पंपाचा दाब, हवा मोजणारे आणि थ्रॉटलची जागा सांगणारे सेन्सर यांवर संशय घ्यावा. डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा लागला असेल तर आधी स्कॅनर लावून घ्यावा, अंदाजाने सुटे भाग बदलू नयेत.

क्रम सांभाळावा. स्वस्त आणि सोपे आधी, महाग आणि अवघड नंतर. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि गाडी चालवून पाहावी. आपल्याच एका सभासदांनी रस्त्यावरच्या एका गॅरेजच्या सांगण्यावरून नवा कार्बोरेटर बसवला. दम खाणे तसेच राहिले. पुढे दोष प्लगच्या एका वायरीत निघाला.

सर्वांत महत्त्वाचे, पेट्रोलचे काम मोकळ्या हवेत, इंजिन थंड असताना करावे. विडी, काडी, कंदील जवळ नको. नळी सोडण्यापूर्वी सांडणारे पेट्रोल धरायला भांडे ठेवावे. काढलेले पाणीदार पेट्रोल पुन्हा टाकीत ओतू नये.

हंगामात गाडी उभी राहणार असेल तर

टाकी भरून ठेवावी, म्हणजे आत दमट हवेला जागा राहत नाही. पंधरा दिवसांतून एकदा गाडी इंजिन पूर्ण तापेपर्यंत फिरवावी. लांब उभी राहणार असेल तर टाकी पूर्ण रिकामी केलेली बरी. अर्धवट ठेवणे सर्वांत वाईट. पेट्रोलच्या नळ्या आणि पडदे जुने असतील तर इथेनॉल सोसणारे बसवून घ्यावेत, हल्ली ते मिळतात. फिल्टर वर्षातून एकदा, आणि टाकी धुतल्यावर महिन्याभरात पुन्हा एकदा बदलावा. मिश्रण पातळ वाटले तर जाणत्या मिस्त्रीकडून एक नंबर मोठे जेट बसवून घ्यावे. तारेने भोक मोठे करू नये.

गाडी दम खाते आहे हे कळल्यावर ती दुरुस्त होईपर्यंत ओव्हरटेक करू नये, ही आमची कळकळीची विनंती. हंगामात आपल्या रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर असतात. त्यांना ओलांडताना लागणारे चार-पाच सेकंद हेच जीवनमरणाचे असतात, आणि जुनी गाडी दगा देते ती नेमकी तेव्हाच. वाघोलीजवळ आम्ही वाचलो तो नशिबाचा भाग होता.

येरवडा म्हटले की लोकांना तुरुंग आठवतो. पण पेटीत मावणाऱ्या चरख्यालाही याच गावाचे नाव मिळाले, येरवडा चरखा. कारागिराने आपले हत्यार स्वतः खोलून, समजून घ्यावे, ही त्यातली शिकवण. त्या गल्लीतल्या मिस्त्रींनी आम्हाला तेच सांगितले.

दुपारी चार वाजता गाडी तयार झाली. पर्णकुटीवरून बंडगार्डनच्या पुलाकडे जाताना मालकांनी मुद्दाम एकदा ॲक्सिलेटर दाबून पाहिला. गाडी एका दमात पळाली. साखर संकुलातले काम मात्र त्या दिवशी राहिले, त्यासाठी पुन्हा जावे लागले. यावेळी टाकी भरूनच निघालो.

सभासदांनी आपापल्या जुन्या गाड्यांचे अनुभव लिहून कळवावेत. उपयोगी असतील ते पुढील अंकात अवश्य घेऊ.